अकरावा प्रश्न

उलट बोलणाऱ्या सुनेला गप्प बसवता येतं. गप्प बसणाऱ्या सुनेचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

श्रावणापासून आमच्या पूर्णिमानं हे सुरू केलं. विचारलं तेवढंच उत्तर. मिरची आली का, आली. किती पोती, चाळीस. मी आत शिरले की मोबाइल पालथा ठेवायचा आणि स्वच्छ असलेली चाळणी पुन्हा झटकायची. माझ्या तोंडाकडे बघणं तर बंदच. वाढताना ताटाकडे बघते, बोलताना भिंतीकडे. मी सुदर्शनला म्हटलं, तुझ्या बायकोनं कुठले मूग गिळलेत ते एकदा विचार. सुदर्शन माझा मुलगा, आमचाच टेम्पो चालवतो. आई आणि बायको यांच्या मधून जाणारा रस्ता त्याला अठरा वर्षांत सापडलेला नाही, म्हणून तो टेम्पोत जाऊन बसतो. तेव्हाही बसला.

मला वाटलं, शिकल्याचा माज. ती लातूरची बी.कॉम. आणि मी चौथीपर्यंत, त्यातही निम्मे दिवस गुरांमागं. पण माज असला की माणूस डोळ्याला डोळा देतो. ही तर डोळे चोरत होती. ते मला उशिरा कळलं.

आमचं मसाल्याचं कांडप धायरीत आहे. गल्लीत वळलं की पाटी दिसायच्या आधी शिंक येते. कळंबकडून आम्ही नवराबायको पुण्यात आलो तेव्हा उत्तरेश्वर मार्केट यार्डात पोती उचलायचे आणि मी घरी मिरच्यांचे देठ खुडायचे. पुढं एक मशीन घेतलं, मग दुसरं. आज सहा मशिनं आहेत आणि सव्वीस बाया. ते गेले, मशिनं चालू राहिली.

काम एकाच घरचं, रावसाहेबांच्या मसाल्याच्या कंपनीचं. मिरची, धणे, खोबरं, दगडफूल, सगळं त्यांनी पाठवायचं. आम्ही निवडायचं, भाजायचं, कांडायचं. पुड्यावर नाव त्यांचं, आत हात माझा. एकतीस वर्षं असंच चाललं, कागद नाही की काही नाही. दसऱ्याला रावसाहेब स्वतः यायचे, मूठभर काळा मसाला हातावर घेऊन हुंगायचे आणि म्हणायचे, चालू द्या. तो आमचा करार.

मग रावसाहेब थकले. मुलांना मसाल्यानं शिंका येतात म्हणे, त्यांनी कंपनी विकायला काढली. घेणारी मोठी कंपनी, टीव्हीवर जिची जाहिरात दर पाच मिनिटांनी लागते ती. तिनं पुण्यातल्या आणखी दोन मसालेवाल्यांना आधीच गिळलेलं होतं. तिसरा घास रावसाहेबांचा. आता असे घास घ्यायचे तर दिल्लीत एका आयोगाची परवानगी लागते. एकाच घरात सगळा बाजार गेला तर बाकीच्यांचं काय होईल, हे तो आयोग तपासतो. म्हणून रावसाहेबांचं काम करणाऱ्या आम्हा चौदा कांडपवाल्यांना दिल्लीहून कागद आला. इंग्रजीत, एकोणीस प्रश्न.

पूर्णिमानं दोन दुपारी बसून तो भरला. मी म्हटलं, सही माझी आहे, वाचून दाखव. ती एकेक प्रश्न मराठीत सांगायची आणि तिनं लिहिलेलं उत्तर वाचायची. किती बाया, किती मशिनं, महिन्याला किती माल. मी धणे निवडत हो हो करत होते. अकराव्या प्रश्नाला माझा हात थांबला.

प्रश्न असा होता: या कंपनीनं काम देणं बंद केलं तर तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक मिळेल का? पूर्णिमानं लिहिलं होतं, मिळणार नाही. हे काम गेलं तर आमचं कांडप बंद पडेल.

आमच्याकडे परक्याला घरातली उणीव दाखवत नाहीत. माझ्या सासूबाई दुष्काळात पाहुणा आला की चुलीवर रिकामी कढई ठेवायच्या आणि तिच्यात पळी फिरवायच्या. ओसरीवरच्या माणसाला वाटावं, आत काहीतरी शिजतंय. पाहुणाही शहाणा असायचा. भूक नाही म्हणून उठून जायचा. दोघांचीही अब्रू राहायची. त्या घरची मी सून, आणि माझी सून दिल्लीला लिहून पाठवणार की आमचं बंद पडेल.

मी तिला ते खोडायला सांगितलं. ती म्हणाली, आत्याबाई, हे पाहुणे नाहीत, आपल्या भल्यासाठीच विचारतायत. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मी म्हटलं, भलं करणारा आधी पदर पसरायला लावत नाही. ती म्हणाली, पण खरं तेच लिहिलंय. मी म्हटलं, खरं घरात बोलायचं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तिला उत्तर सांगितलं, तिनं ते शब्दाला शब्द इंग्रजीत उतरवलं: आमच्या मालाला गिऱ्हाइकांची कमी नाही. आजवर कितीतरी जणांना आम्ही दारातून परत पाठवलं आहे.

कितीतरी म्हणजे एक. खडकवासल्याकडचा एक हॉटेलवाला आला होता, त्यानं मला ए बाई म्हणून हाक मारली, मी त्याला फाटकाबाहेर काढला. पण एक असं लिहायला बरं दिसत नव्हतं.

मग सही केली. मी अंगठा लावत नाही. द्वारकाबाई उत्तरेश्वर शिनगारे, पूर्ण नावानं. वेळ लागतो, पण एक अक्षर हलत नाही.

चैत्रात आयोगाचा हुकूम आला. मोठ्या कंपनीला रावसाहेबांची कंपनी घेता येईल, पण दोन अटींवर. लोणच्याचा धंदा तिनं दुसऱ्या कुणाला तरी विकायचा. आणि चौदाही कांडपांना पुढची पाच वर्षं आजवर मिळालं तेवढंच काम देत राहायचं. मी पूर्णिमाला म्हटलं, बघ, न रडताही मिळतं. ती हसली. तोवर हसत होती. कंपनीनं लोणचं विकून टाकलं आणि दुसऱ्या अटीविरुद्ध वरच्या कोर्टात अपील केलं.

त्याची सुनावणी श्रावणात, दिल्लीतच, पण मोबाइलवर दिसते. शनिवार पेठेतल्या नीरजा वकीलबाई पूर्णिमाच्या ओळखीच्या, त्यांनी ते बघायची सोय करून दिली. आम्ही मशिनं तासभर बंद ठेवली. मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवला आणि सव्वीस बाया मिरचीच्या ढिगाभोवती बसल्या, हाताला सवय म्हणून देठ खुडत. कंपनीचा वकील उंच, पांढऱ्या पट्टीचा. मोठमोठ्यानं इंग्रजी बोलत होता आणि कुणाला काही कळत नव्हतं. आणि एकदम त्याच्या तोंडून आलं: द्वारकाबाई उत्तरेश्वर शिनगारे.

एकदा नाही, तीनदा. बायांनी टाळ्या वाजवल्या. मुक्ताईनं, ती माझ्याकडे सत्तावीस वर्षं देठ खुडतेय, मिरचीच्या हातानंच माझी दृष्ट काढली आणि मग डोळे चोळत बसली. मी पूर्णिमाला विचारलं, काय म्हणाला गं. ती म्हणाली, तुमचं नाव घेतलं. मी म्हटलं, ते बहिऱ्यालाही कळलं, कशासाठी घेतलं? ती म्हणाली, सगळ्यात जुनं कांडप म्हणून.

मी सुदर्शनला दोन किलो पेढे आणायला पाठवलं. गल्लीत वाटले, मार्केट यार्डात वाटले. कळंबला भाचीला फोन करून सांगितलं, दिल्लीच्या कोर्टात तुझ्या मावशीचं नाव निघालं. पूर्णिमानं पेढा हातात घेतला आणि तसाच डब्यात परत ठेवला. मी म्हटलं, बघवत नाही हिला. तेव्हापासून ती गप्प.

निकाल दिवाळीच्या तोंडावर लागला. पूर्णिमा म्हणाली, अट रद्द झाली. का झाली, तर कोर्टाचं मत. पुढं विचारलं तर चाळणी. तेव्हा मी म्हटलं, हिच्या तोंडून निघायचं नाही, आणि कुणाला न सांगता बस धरून शनिवार पेठेत गेले.

नीरजाबाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. दारावर पाटी, कामाशिवाय बसू नये. मी बसले. त्यांनी निकाल काढला, चष्मा लावला आणि एक परिच्छेद सावकाश मराठीत सांगितला. कोर्टानं म्हटलं होतं, तेरा कांडपवाल्यांनी आम्ही बुडू असं लिहिलं आहे, पण तेराही उत्तरं शब्दाला शब्द एक आहेत. ती असणारच. आमच्या त्या तेरा जणांनी एकाच टायपिंगवाल्याकडे जाऊन कागद भरून घेतले होते, आणि तो माणूस शहाणा, एकदा टाइप केलं की नावं तेवढी बदलतो. कोर्टाला वाटलं, कुणीतरी पढवलेत. राहिलं चौदावं उत्तर. सगळ्यात जुन्या कांडपाचं, स्वतःच्या शब्दांतलं, म्हणून विश्वास ठेवण्याजोगं. द्वारकाबाई शिनगारे स्पष्ट सांगतात की त्यांना गिऱ्हाइकांची कमी नाही. मग या कांडपांना अटीचं संरक्षण कशाला?

मला आधी वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाचं वाचतायत. मग त्यांनी सहीचा कागद दाखवला. एक अक्षर हललेलं नव्हतं.

मी म्हटलं, ते उत्तर मी बदलून देते. खरं काय ते आता सांगते, तुम्ही लिहून घ्या. त्यांनी चष्मा काढला.

“आजी, आपण या खटल्यात पक्षकार नाही.”

“माझं नाव आहे ना आत?”

“नाव आहे. आपण नाही.”

आजी म्हटल्याचाही राग आला नाही, इतकी मी गार झाले. विचारलं, मी दिल्लीला जाऊन त्या जज्जसाहेबांपुढं उभी राहिले तर? त्या म्हणाल्या, खटला कंपनी आणि आयोग यांच्यातला. आयोगानं ठरवलं तर तो आणखी वर जाईल, नाही ठरवलं तर नाही. गेला तरी तिथं भांडण कायद्याचं, साक्षी-उत्तरं पुन्हा नव्यानं घेत नाहीत. जे लिहून दिलं ते दिलं. मग म्हणाल्या, आपल्या सुनेनं हे मला श्रावणातच विचारलं होतं. मी हेच उत्तर दिलं होतं.

फी विचारली तर नको म्हणाल्या. जिन्यात मी दोनदा बसले.

घरी आल्यावर काही बोलले नाही. मीही चाळणी झटकायला शिकले. मनात म्हटलं, दिल्लीला सांगितलंय ना गिऱ्हाइकांची कमी नाही, मग आणून दाखव एखादं. दिवाळी झाल्यावर मार्केट यार्डात रहीमभाऊंच्या गाळ्यावर गेले. ते मिरचीचे व्यापारी. त्यांच्या वडलांच्या वेळी उत्तरेश्वरांनी तिथं पोती उचललेली. मला ताई म्हणतात. मी सहज विषय काढावा तसा काढला. म्हटलं, सध्या जरा हात मोकळा आहे, कुणाला चांगला काळा मसाला कांडून हवा असेल तर बघा, मी काही मागं लागलेली नाही.

रहीमभाऊंनी चहा मागवला. चहा येईपर्यंत मिरचीचे भाव सांगत राहिले, बेडगीचा काय, गुंटूरचा काय. त्यांनी ओळखलं होतं. ओसरीवरचे जुने पाहुणे ते, आतली पळी कशाला वाजतेय हे त्यांना कळतं. शेवटी त्यांनी बोटांवर मोजत नावं घेतली. एकानं मोठ्या कंपनीला विकलं. दुसऱ्यानं विकलं. तिसरा चाकणला स्वतःच्या कारखान्यात दळतो, तिथं मिरचीला माणसाचा हातच लागत नाही. मी म्हटलं, असू दे, तुमच्याकडे कोण कोण येतं मिरची न्यायला, त्यांना विचारा. ते हसले, पण तोंड वाकडं करून.

“ताई, माझ्याकडं आता एकच गिऱ्हाईक येतं. तेच.”

निघताना त्यांनी विचारलं, पेढे कसले होते ते, श्रावणात? मी म्हटलं, भाचीला मुलगा झाला. त्यांनी मुबारक म्हटलं. पेढे देताना कोर्टाचं मीच सांगितलं होतं त्यांना, चांगलं दहा मिनिटं. ते विसरलेले नव्हते.

इकडे पोती कमी होत चालली होती. चाळीसाची पंचवीस, पंचविसाची नऊ. आम्ही चार मशिनं झाकून ठेवली. मी रावसाहेबांच्या ऑफिसला फोन लावला तर आत बाई बोलते, ती बाई नाही, मशीन आहे. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. पुढं एक खरी पोरगी आली, तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमची तक्रार नोंदवली आहे, नंबर लिहून घ्या. चौदा आकडी नंबर. मी तो भिंतीवर खडूनं लिहिला. अजून आहे. रावसाहेबांच्या घरी गेले तर ते मुलाकडे परदेशी गेलेले. वॉचमन म्हणाला, येतील की नाही सांगता येत नाही.

बायांना काय सांगायचं, हे मला ठरवता येईना. आठवड्यातून चार दिवस बोलवायचे, मग तीन. त्या कुरकुर करत नव्हत्या, तेच जड जात होतं. मिरची नसली तरी यायच्या, झाडून घ्यायच्या, पाटे धुवायच्या. एक दिवस मुक्ताई हाताला खोबरेल चोळत माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या बोटांना आता आग होत नाही, पण तेल लावायची सवय राहिली आहे. मला वाटलं, पुढच्या आठवड्याला किती पोती येणार, हे विचारेल. तिनं वेगळंच विचारलं.

“बाई, तुमचं नाव आहे ना दिल्लीच्या कोर्टात. तुम्ही एकदा सांगून बघा की त्यांना.”

टिंगल नव्हती. माझ्याकडे सत्तावीस वर्षं काढलेली बाई, माझ्या शब्दाला मान आहे असं तिला खरंच वाटत होतं. मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार? सांगून तर मी आधीच बसले होते. सांगितलेलं सगळं त्यांनी मानलं होतं. माझ्या उभ्या जन्मात माझ्या बोलण्यावर कुणी एवढा विश्वास ठेवला नसेल.

मार्गशीर्षात शेवटची नऊ पोतीही आली नाहीत. दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी दुपारी पूर्णिमा एक कागद घेऊन माझ्यासमोर येऊन बसली, जमिनीवर, मांडी घालून. मोठ्या कंपनीला अर्ज. निदान होळीपर्यंत थोडं काम द्या, तोवर या बाया दुसरीकडे कुठं लागतील. नीरजाबाईंनी सांगितलं होतं म्हणे, अर्ज करायला कुणाची बंदी नाही, आणि उत्तर द्यायची त्यांच्यावर सक्ती नाही. मी म्हटलं, वाच.

ती वाचू लागली, तशीच सपाट आवाजात, जशी मागच्या थंडीत वाचत होती. किती बाया, किती वर्षं, किती मशिनं. मधेच थांबली.

“पुढं वाच,” मी म्हटलं.

“आम्हाला दुसरं गिऱ्हाईक मिळणार नाही. हे काम गेलं तर आमचं कांडप बंद पडेल.”

तेच वाक्य. तिनं एक शब्द बदललेला नव्हता. वर्षभर तिच्याजवळ ते तसंच होतं, मी खोडायला लावलेलं.

“तुला कधी कळलं?”

“मोबाइलवर ऐकत होते तेव्हाच.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळे भरलेले नव्हते. दमलेले होते.

“तुम्ही पेढे मागवले होते.”

बाहेर सुदर्शन टेम्पो धूत होता, भाडं मिळतंय का बघायला जाणार होता. आत सहाही मशिनं झाकलेली. इतकी वर्षं त्या आवाजात आम्ही ओरडून बोललो, आता हळू बोललं तरी ऐकू येत होतं. मी तिच्या हातातून पेन घेतलं. सही केली, पूर्ण नावानं. उत्तरेश्वरमधलं श्व थोडं हललं, मी ते तसंच राहू दिलं. तिनं कागद घडी करून पाकिटात घातला. उत्तर येणार नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही, तरी तिनं पाकीट नीट चिकटवलं, कडा दाबून.

ती उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं. इतके महिने मी तिचा न्याय करायचा म्हणत होते, गप्प बसण्याचा, डोळे चोरण्याचा, पेढा परत ठेवण्याचा. तो आता करायलाच हवा होता.

“चुकलीस तू, पूर्णिमा,” मी म्हटलं. “त्या दिवशी माझं ऐकलंस, तिथं चुकलीस.”